ताडकळसच्या गंगूबाई : ओवी, स्वर आणि कर्तेपण

परभणी जिल्ह्यात पूर्णा तालुक्यात ताडकळस नावाचे गाव आहे. या गावच्या गंगूबाई अंबोरे यांनी गायिलेल्या ओव्या १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रित झाल्या आणि पुढे वीसेक वर्षांनी कोणालाही ऐकता येतील अशा खुल्या झाल्या. मी त्या प्रथम ऐकल्या त्याला आता काही वर्षे लोटली. तेव्हापासून सुगी आटोपल्यानंतरच्या निवांत दिवसांत मी त्या पुन्हा ऐकतो. दर वेळी एकच प्रश्न उरतो. इतक्या वर्षांत या बाईंविषयी आपण ‘गायिका’ किंवा ‘कवयित्री’ म्हणून काही लिहिले का नाही? त्यांच्या ओव्यांचा उल्लेख होतो तो लोकसाहित्याचा नमुना म्हणून. नमुन्याची नोंद होते, समीक्षा होत नाही.

प्रस्तुत लेखात मी या ओव्यांकडे एका गायिकेचा अल्बम म्हणून पाहणार आहे. हा अल्बम कोणत्याही कंपनीने काढलेला नाही. त्याला मुखपृष्ठ नाही, वाद्यमेळ नाही, संगीतकार म्हणून कोणाचे नाव नाही. पण एकाच कंठातून आलेली, एकाच भाववृत्तीची, सावकाश आणि विचार करीत गायिलेली गाणी सलग ऐकायला मिळतात, तेव्हा त्याला दुसरे काय म्हणायचे? हा शब्द वापरल्याने आपल्या ऐकण्यात काही फरक पडतो का, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. माझे म्हणणे असे, की फरक पडतो आणि तो थोडाथोडका नसतो.

मुद्रण आणि त्यामागचे काम

या ओव्या आपल्यापर्यंत आल्या त्या गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर या दोघांच्या दीर्घ परिश्रमांमुळे. पॉइटेव्हिन मूळचे फ्रान्सचे, राईरकर पुण्याच्या. पुण्यात त्यांनी सामाजिक संशोधनाची एक संस्था उभी केली आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. एक हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक बायका आणि एक लाखाहून अधिक ओव्या असा या कामाचा पसारा आहे. पुढे संगणक आणि संगीत या दोन्ही विषयांचे अभ्यासक बर्नार्ड बेल त्यात आले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइटेव्हिन २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये गेल्या. त्यांनी जमवलेले हे धन २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने क्रमाक्रमाने प्रकाशित केले.

या प्रकल्पातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. आपल्याकडच्या ओव्यांच्या जुन्या संग्रहांत हे सहसा आढळत नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचे केवढे तरी भांडार मराठी वाचकांपुढे ठेवले, आणि त्यांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. तरी त्या ओव्यांमागच्या एकेका बाईपर्यंत त्या पुस्तकातून आपण पोहोचत नाही. कमलाबाई देशपांडे यांनी तर आपल्या पुस्तकाचे नावच ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे ठेवले. या नावात एक सुंदर श्लेष आहे. जे पुरुषांनी रचले नाही ते अपौरुषेय आणि ज्याला कर्ताच नाही तेही अपौरुषेय. पहिल्या अर्थाने हा गौरव आहे. पण दुसऱ्या अर्थाने, नकळत का होईना, बायांच्या हातून त्यांची रचना निसटून जाते. वेदांना कर्ता नाही म्हटल्याने वेदांची प्रतिष्ठा वाढली. ओवीला कर्ती नाही म्हटल्याने मात्र ओवीची प्रतिष्ठा वाढली नाही, फक्त तिची कर्ती दिसेनाशी झाली.

स्वर

गंगूबाईंच्या आयुष्याविषयी मी इथे लिहिणार नाही. तसे करण्यामागे कारण आहे. बाई गाते म्हटले की आपण आधी तिचे दुःख विचारतो आणि मग गाणे त्या दुःखाचा पुरावा म्हणून ऐकतो. पुरुष गायकाबद्दल आपण आधी त्याचा आवाज, त्याची लय, त्याची निवड यांविषयी बोलतो. निदान एकदा तरी गंगूबाईंना त्या क्रमाने ऐकावे.

पहिली लक्षात येते ती लय. ती धीमी आहे. जात्यावरची ओवी जात्याच्या फेऱ्याशी बांधलेली असते. घास घालायला हात उचलला की ओळीला श्वास मिळतो, दोघी दळायला असल्या की एकीने सोडलेली ओळ दुसरी उचलते. गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. मग प्रकल्पातल्या कितीतरी बायकांनी नुसते बसून ओव्या गायिल्या. अशा वेळी गाण्याला फेऱ्याचा आधार राहत नाही. काहींची ओवी त्यामुळे पटकन संपते. पाठ असलेले म्हणून दाखवावे तशी ती होते. गंगूबाईंचे तसे होत नाही. त्यांच्या ओळीला आतूनच चाल आहे. ओळीच्या शेवटचा स्वर त्या लगेच टाकून देत नाहीत, हळूहळू खाली ठेवतात. रानातून डोक्यावर आणलेले ओझे अंगणात टेकवावे तसे.

दुसरी गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. छापील ओवी दोन ओळींची दिसते, वाचून दहा सेकंदांत होते. गाताना पहिली ओळ पुन्हा पुन्हा येते, मध्ये ‘गं बाई’सारखे भरीचे शब्द येतात, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. हा वेळ म्हणजेच ओवीचे नाट्य. ऐकणारी पहिली ओळ ऐकून थांबलेली असते, पुढे काय येणार याकडे तिचे लक्ष असते. कागदावर आपण ही वाट पाहणेच पुसून टाकतो. म्हणून छापील ओव्यांवरून ओवीविषयी मत बनवणे म्हणजे बंदिशीचे शब्द वाचून ख्यालाविषयी बोलण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट संयमाची. विषय सीतेच्या वनवासाचा आहे. तरीही स्वरात हुंदका आणलेला नाही. करुण रस पिळून काढण्याची सवय भजनांच्या ध्वनिफितींनी आणि पुढे चित्रपटांनी आपल्या कानांना लावली. त्या कानांना हे गाणे सुरुवातीला कोरडे वाटेल. मलाही वाटले होते. तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात कळले, की रडणे गाण्यातल्या सीतेचे आहे, गाणारीचे काम ते सांगण्याचे आहे. सांगणारी स्वतःच रडू लागली तर सीतेचे कोण ऐकणार?

बोरी-बाभळी

या ओव्यांतली एक प्रतिमा मला सर्वांत मोठी वाटते. तिचा आशय असा : अरण्यात कोणीतरी रडते आहे, त्याकडे कान द्यायला ओवी सांगते. रडणारी सीता आहे. आणि तिची समजूत काढायला जवळ कोण आहे? बोरी आणि बाभळी. ओवी त्यांना झाडे म्हणत नाही, बायका म्हणते.

वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात हा प्रसंग निराळा आहे. लक्ष्मण सीतेला गंगेपलीकडे सोडून परत फिरतो. तिचे रडणे आश्रमातल्या मुनिकुमारांच्या कानी पडते, ते धावत जाऊन वाल्मीकींना सांगतात, आणि ऋषी येऊन तिला आश्रमात नेतात. म्हणजे आसरा मिळतो तो आश्रमाचा, एका थोर पुरुषाच्या कृपेचा. गीतरामायणातही सीतात्यागाचे गाणे आहे. माडगूळकरांची सीता तिथे लक्ष्मणालाच प्रश्न करते, आणि सुधीर फडक्यांच्या चालीत तो प्रश्न अविस्मरणीय झाला आहे. पण तिथेही बोलणे होते ते घरच्या पुरुषाशी, जो आता निघून जाणार आहे. गंगूबाईंच्या ओवीत लक्ष्मण गेलेला आहे आणि ऋषी अजून आलेला नाही. या दोघांच्या मधल्या वेळात सीतेजवळ कोण होते, हा प्रश्न महाकाव्याला पडला नाही. तो ओवीला पडला.

आणि उत्तर कोणत्या झाडांचे दिले आहे ते पाहावे. अशोक नाही, चंदन नाही, कदंब नाही. परभणी जिल्ह्यात दाट जंगल असे जवळपास नाहीच. गोदावरी, दुधना, पूर्णा यांच्या काठची काळी जमीन, ज्वारी-कापसाची शिवारे आणि बांधावर बोरी-बाभळी. इथल्या बाईला ‘अरण्य’ हा शब्द रामायणातून मिळाला, पण अरण्यातली झाडे तिने आपल्या बांधावरून नेली. बोर-बाभळीला कोणी पाणी घालत नाही. ती आपसूक उगवतात, तोडली तरी पुन्हा फुटतात, काट्यांमुळे कोणी त्यांना जवळ करीत नाही, आणि त्यांचा उपयोग मात्र सगळ्या गावाला असतो : बाभळीचे लाकूड औताला, फांद्या कुंपणाला, बोरे संक्रांतीच्या सुगडांत. त्यांची सावली विरळ. उन्हात बसलेल्या सीतेला त्या धड सावलीही देऊ शकत नाहीत. त्या फक्त ऐकतात आणि धीर देतात. गावात एखाद्या बाईवर प्रसंग ओढवला की शेजारच्या बाया काय करू शकतात? निवाडा त्यांच्या हाती नसतो, पैसा नसतो, घरात ठेवून घेण्याचा अधिकारही नसतो. त्या येऊन बसतात. ओवीने झाडांना बायका केले, तेव्हा तिने बायकांविषयीही हे सांगून टाकले.

डॉ. तारा भवाळकर यांनी ‘सीतायन’मध्ये स्त्रियांच्या परंपरेतली सीता किती वेगळी आहे, हे विस्ताराने दाखवले आहे. पुराणातल्या सीतेपेक्षा लोकपरंपरेतली सीता बायांच्या जास्त जवळची आहे, हा विचार आता अभ्यासकांना नवा नाही. मला त्यापुढचे एक पाऊल टाकायचे आहे. ही ओवी ‘लोकां’ची आहे हे खरे. पण ती या लयीत, या संयमाने, इतक्या निवांतपणे गावी, हा निर्णय एका बाईचा आहे.

कर्ती कोण?

यावर नेहमीचा आक्षेप येईल. ही ओवी गंगूबाईंनी रचली कशावरून? थोड्या फरकाने तीच ओवी दुसऱ्या गावची दुसरी बाई गात नसेल कशावरून? चाल तर परंपरेचीच आहे. मग कर्तेपण कसले?

आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला मी थोडा दूर, अमेरिकेत जातो. वुडी गथ्री हा तिकडचा गाजलेला लोकगायक आणि गीतकार. १९३० च्या दशकातल्या दुष्काळात आणि धुळीच्या वादळांत देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची गाणी त्याने केली. १९४० या एकाच वर्षात त्याचे दोन ठिकाणी ध्वनिमुद्रण झाले. लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी त्याची गाणी आणि आठवणी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मुद्रित केल्या, आणि त्याच वर्षी आरसीए व्हिक्टर या कंपनीने ‘डस्ट बोल बॅलड्स’ हा त्याचा अल्बम काढला. माणूस तोच, गळा तोच. एका ठिकाणी तो संग्रहातला आवाज होता, दुसऱ्या ठिकाणी कलावंत. आणि गथ्रीच्या कितीतरी गाण्यांच्या चाली जुन्याच होत्या. कार्टर कुटुंबाच्या गाण्यांवरून, चर्चमधल्या भजनांवरून त्याने त्या उचलल्या, हे सर्वज्ञात आहे. म्हणून त्याला गीतकार म्हणायला कोणी कचरत नाही. जुनी चाल, जुना साचा, त्यात आपले शब्द, आपली निवड आणि आपला आवाज : या कामाला तिथे रचना म्हणतात. आपल्या बाया जात्यावर हेच करीत आल्या. त्या कामाला मात्र आपण परंपरा म्हणतो आणि मोकळे होतो.

आपल्याकडे उदाहरणे नाहीत असेही नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता येत नव्हते. शेतात, घरात, जात्यावर त्यांनी गाणी केली. मुलगा सोपानदेव कवी होता, ती गाणी कागदावर उतरली होती, ती अत्र्यांना दाखवली गेली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आले. ते आले नसते तर खानदेशातल्या ओव्यांच्या एखाद्या संग्रहात बहिणाबाईंच्या ओळी ‘लोकसाहित्य’ म्हणून, नावावाचून, आल्या असत्या. कर्तेपण ठरले ते बाईच्या रचनेवर जितके, तितकेच घरात कवी असण्या-नसण्यावर.

त्याहून जवळचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले आहे. गंगाखेडची जनी. दळता-कांडता गाणारी, दासीपण भोगलेली ही बाई आज मराठी कवितेच्या इतिहासात आहे, कारण तिच्या अभंगाच्या शेवटी नाममुद्रा आहे. जनीच्या नावावरचे सगळेच अभंग तिचे आहेत का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी तिचे कवयित्री असणे कोणी काढून घेतलेले नाही. आणि ती मुद्राही ‘नामयाची जनी’ अशी आहे, म्हणजे नाव आले तेही नामदेवाच्या आधाराने. ओवीत नाममुद्रा घालायची रीत नाही. ओवीत बाई भावाचे नाव घेते, लेकाचे घेते, गावाचे घेते. स्वतःचे सहसा घेत नाही. गंगाखेड आणि ताडकळस एकाच जिल्ह्यात. जात्यावरचे गाणे दोन्हीकडचे. एकीच्या गाण्यात नाव राहिले म्हणून ती संत आणि कवयित्री, दुसरीचे राहिले नाही म्हणून ती ‘नमुना’. मधल्या सातशे वर्षांत आपल्या समीक्षेची नजर काही फार पुढे सरकली असे म्हणवत नाही.

मर्यादा

कौतुकाच्या भरात मर्यादा झाकू नयेत. पहिली म्हणजे एकसुरीपण. चाल जवळपास बदलत नाही. सलग अर्धा तास ऐकले की कान थकतो. हे गाणे श्रोत्यासाठी बनलेलेच नाही, हात गुंतलेल्या बाईसाठी बनले आहे. आपण हात रिकामे ठेवून ऐकतो आणि मग कंटाळा आला म्हणतो. शेंगा फोडत, भाजी निवडत ऐकले तर हे गाणे वेगळे ऐकू येते, हा माझा अनुभव आहे.

दुसरी मर्यादा गाणाऱ्यांची नाही, संग्रहाची आहे. प्रकल्पात ओव्यांची विषयवार वर्गवारी आहे : सीतेच्या ओव्या एकीकडे, भावाच्या एकीकडे, विठ्ठलाच्या एकीकडे. लाखभर ओव्या सांभाळायच्या तर दुसरा मार्गही नव्हता. पण जात्यावर बाई अशी विषयवार जात नाही. माहेरावरून ती सीतेवर येते, सीतेवरून लेकीवर जाते, आणि त्या जाण्या-येण्यातच तिचे म्हणणे असते. लेकीच्या सासरवासानंतर लगेच सीतेची ओवी आली, तर ती रामायणाची राहत नाही, लेकीचीच होते. हा क्रम हरवला की अर्ध्या रचनेला आपण मुकतो. गाण्यांच्या क्रमालाही अर्थ असतो, हे अल्बम ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून मी तो शब्द वापरतो आहे. यापुढे एकेका गायिकेच्या ओव्या, मिळेल तिथे तिच्या गाण्याच्या क्रमाने, एकत्र ऐकायला मिळाव्यात. गायिका हे वर्गवारीचे पहिले खण असावे, विषय दुसरे.

एक जुनी वही

हे सारे मी त्रयस्थपणे लिहितो आहे असे वाचकांना वाटू नये. माझ्याकडे एक जुनी वही आहे. महाविद्यालयात असताना लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी मी माझ्या आत्याकडून ओव्या उतरून घेतल्या होत्या. दिवाळीच्या सुटीत आठ दिवस रोज संध्याकाळी आत्या ओसरीवर वाती वळत बसायची आणि सांगायची. ‘लिव्ह बाबा,’ म्हणायची, ‘आता कोण दळतंय?’ वहीत एकंदर चाळीस ओव्या आहेत. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘संकलन’ असे लिहून खाली माझे नाव आहे. आत्याचे नाव वहीत कुठेच नाही. प्रकल्पाला चांगले गुण मिळाले.

ती वही मी अलीकडे पुन्हा काढली तेव्हा एक गोष्ट आठवली आणि बराच वेळ मी तसाच बसून राहिलो. ओव्या लिहून झाल्या की मी त्या आत्याला वाचून दाखवत असे. ती ऐकताना मध्येच बोट वर करायची आणि म्हणायची, ‘ही मायची हाये. ही थोरल्या जावंची. अन् ही मव्ही.’ चाळीस ओव्यांमधल्या तिच्या स्वतःच्या किती, तिच्या आईच्या किती, हे तिला नेमके ठाऊक होते. मला ते महत्त्वाचे वाटले नाही. ‘लोकसाहित्याला कर्ता नसतो’ हे मी त्या वर्षी नुकतेच शिकलो होतो. कर्ती समोर बसून वाती वळत होती, आपल्या ओवीवर बोट ठेवून सांगत होती, आणि मी ते लिहून घेतले नाही.

आत्या आता नाही. त्या चाळीसांत तिच्या कोणत्या, हे कोणालाही सांगता येणार नाही. गंगूबाई अंबोरे यांच्या बाबतीत निदान तेवढे तरी झालेले आहे : आवाज आहे, नाव आहे, गाव आहे. आता ऐकून बोलणे आणि लिहिणे एवढेच आपल्याकडे राहिले आहे. या दिवाळीत मी आत्याच्या वहीच्या पहिल्या पानावर माझे नाव खोडून तिचे लिहिले. उशीर झाला आहे, पण लिहिले.